कॅरोलाइन डॉलकृत आनंदीबाई-चरित्र : एका साधनाची परीक्षा

१

डॉ. आनंदीबाई जोशी यांचें पहिलें ग्रंथरूप चरित्र पुण्यांत लिहिलें गेलें नाहीं. तें इ. स. १८८८ सालीं अमेरिकेंत, बोस्टन येथील रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशकांनीं इंग्रजींत काढलें, आणि त्याच्या कर्त्या कॅरोलाइन हीली डॉल या होत. आनंदीबाईंचें देहावसान पुण्यांत ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं झालें. म्हणजे मृत्यूनंतरचें दुसरें वर्ष सरण्याच्या आंतच, येथून हजारों कोसांवर, एका परदेशीय लेखिकेनें हें काम तडीस नेलें होतें. तेव्हांपासून आजवर आनंदीबाईंविषयीं ज्यांनीं ज्यांनीं लिहिलें त्यांपैकीं बहुतेकांनीं या पुस्तकाचें ऋण घेतलें आहे. परंतु ज्यांच्याकडून हें ऋण घेतलें त्या डॉलबाई कोण, त्यांनीं हें चरित्र कोणत्या परिस्थितींत व कोणत्या सामग्रीवरून रचलें, त्यापूर्वीं त्यांनीं काय लिहिलें होतें, याची चौकशी आमच्याकडे क्वचितच झाली. प्रस्तुत लेखांत ती करण्याचें योजिलें आहे.

एखादी बखर हातीं आली म्हणजे बखरकार कोण, तो कोणाच्या सांगण्यावरून लिहितो, प्रसंगापासून किती वर्षांनीं व किती अंतरावरून लिहितो, हें विचारल्याखेरीज तिच्यांतील एक ओळहि प्रमाण मानूं नये, हा धडा कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तेव्हांपासून महाराष्ट्रांतील अभ्यासकांस पाठ आहे. पेशवाईंतील कागदांस जो न्याय लावावयाचा, तो एकोणिसाव्या शतकांतील छापील इंग्रजी पुस्तकास लावूं नये असें कोठेंहि सांगितलेलें नाहीं. तथापि व्यवहारांत तसें घडतें खरें. डॉलबाईंच्या पुस्तकाविषयीं दोन प्रकारचीं मतें आम्हीं ऐकिलीं आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, बाई समकालीन व सुशिक्षित, तेव्हां त्यांचें म्हणणें प्रमाण. दुसरा म्हणतो कीं, बाई परकी, मराठी न जाणणारी, तेव्हां त्यांचें म्हणणें त्याज्य. आमच्या मतें दोन्ही पक्ष साक्ष ऐकण्यापूर्वींच निकाल देतात. साक्षीदाराची नीट ओळख करून घेतली तर या पुस्तकाचें खरें मोल काय व त्याची मर्यादा कोठें, हें पुष्कळ निश्चितपणें सांगतां येतें.

२

डॉलबाईंचा जन्म बोस्टन येथें ता. २२ जून १८२२ रोजीं झाला. वडील मार्क हीली हे सधन व्यापारी असून त्यांनीं मुलीस उत्तम शिक्षण दिलें. १८३७ च्या आर्थिक आपत्तींत त्यांच्या व्यापारास जबर ठोकर बसली, आणि पुढें १८४२ सालीं ही मुलगी वॉशिंग्टननजीक जॉर्जटाऊन येथील मुलींच्या शाळेंत शिकवूं लागली. त्याच्या आदल्या वर्षीं, विशीच्या आंतच, त्या मार्गारेट फुलर या विदुषीच्या चर्चामंडळांत बसत असत. तेथें झालेल्या संभाषणांचीं टिपणें त्यांनीं त्याच वेळीं करून ठेविलीं व १८९५ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं. हा तपशील लहान दिसला तरी आमच्या प्रश्नास फार उपयोगी आहे. ५४ वर्षें जुने कागद जपणारी व्यक्ति कागदाची किंमत जाणते, एवढें त्यावरून ठरतें. बाईंनीं रोजनिशी लिहिण्यास तरुणपणीं आरंभ केला तो वार्धक्यापर्यंत सोडला नाहीं. पाऊणशे वर्षांच्या या रोजनिश्या बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटींत आहेत, व हेलन डीस या अमेरिकन संशोधिकेनें त्यांतून निवडलेले वेंचे २००५ सालीं व त्यापुढें प्रसिद्ध केले. बाईंचें निधन वॉशिंग्टन येथें ता. १७ डिसेंबर १९१२ रोजीं झालें.

त्यांच्या ग्रंथांपैकीं तीन येथें विचारांत घेण्यासारखे आहेत. पहिला १८६० चा. इतिहासकारांनीं स्त्रियांचीं जीं चित्रें काढलीं तीं तपासून पुन्हां रंगविणें हा त्याचा हेतु असून तो त्याच्या नांवांतच सांगितलेला आहे. दुसरा १८६७ चा, ‘द कॉलेज, द मार्केट अँड द कोर्ट’ हा. विद्यालय, बाजार व न्यायालय या तीन ठिकाणीं स्त्रीस काय मिळतें, म्हणजेच शिक्षण, अर्थार्जन व कायदा या तिहींत तिचें स्थान कोणतें, याची त्यांत चिकित्सा आहे. तिसरा १८८५-८६ च्या सुमाराचा. शेक्सपिअरविषयीं आपणांस खरोखर काय ठाऊक आहे, असा त्याच्या नांवाचा अर्थ आहे. याशिवाय १८६५ सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन सोशल सायन्स असोसिएशनच्या संस्थापकांत त्या होत्या. तात्पर्य, आनंदीबाईंचें चरित्र हातीं घेणारी ही लेखिका हौशी नव्हती. दंतकथेपासून पुरावा वेगळा काढण्याचा तिला सराव होता, आणि स्त्रीच्या स्थितीचें मोजमाप करण्याची एक तिहेरी पट्टी तिनें स्वतःच तयार केलेली होती.

३

आतां हिंदुस्थानाशीं त्यांचा संबंध कसा आला तें पाहूं. १८४४ सालीं त्यांचा विवाह रेव्हरंड चार्ल्स डॉल यांच्याशीं झाला. १८५५ सालीं हे गृहस्थ युनिटेरियन पंथाचे अमेरिकेहून आलेले पहिले मिशनरी म्हणून कलकत्त्यास आले, व मधून मधून मायदेशीं फेरी करीत, शाळा चालवीत, ता. १८ जुलै १८८६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तेथेंच राहिले. बाई दोन मुलांसह अमेरिकेंत राहिल्या. व्याख्यानें व लेखन यांवर त्यांनीं पुढील आयुष्य काढलें. त्यांचे पुत्र विल्यम हीली डॉल हे पुढें सृष्टिशास्त्रज्ञ म्हणून नांवाजले. नवरा कलकत्त्यास व बायको अमेरिकेंत, अशीं ३१ वर्षें या कुटुंबानें काढलीं.

ज्यानें आनंदीबाईंचें चरित्र एकवार वाचलें असेल त्याच्या मनांत येथें दुसरें एक जोडपें उभें राहिल्याखेरीज राहणार नाहीं. गोपाळरावांनीं आपल्या अठरा वर्षांच्या पत्नीस ता. ७ एप्रिल १८८३ रोजीं आगबोटीनें एकटीस धाडलें तें कलकत्ता बंदरांतूनच, आणि रेव्हरंड डॉल त्या वेळीं त्याच शहरांत २८ वर्षांचे रहिवासी होते. अशा योगायोगावर सिद्धांत उभारूं नये हें आम्ही जाणतों. परंतु इतकें म्हणण्यास हरकत नाहीं कीं, पति समुद्रापलीकडे असतां स्त्रीनें आपला मार्ग आपणच काढावयाचा म्हणजे काय, हें या चरित्रलेखिकेस केवळ ऐकून ठाऊक नव्हतें. जुलै १८८६ त पतिनिधन, फेब्रुवारी १८८७ त आनंदीबाईंचा मृत्यु व १८८८ सालीं चरित्र, हा क्रम ध्यानांत ठेवून हें पुस्तक वाचावें.

दुसरी गोष्ट पुस्तकाच्या नांवाची. त्यांत आनंदीबाईंस ‘पंडिता रमाबाईंची नातलग’ म्हटलें आहे. ज्या स्त्रीनें फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी ता. ११ मार्च १८८६ रोजीं मिळविली, तिची ओळख दुसरीच्या नात्यानें कां करून द्यावी? उत्तर बोस्टनच्या तत्कालीन परिस्थितींत आहे. या पदवीदानासाठीं रमाबाई अमेरिकेस गेल्या व तेथें राहिल्या. १८८७ सालीं त्यांचें उच्चवर्णीय हिंदु स्त्रीविषयींचें इंग्रजी पुस्तक, कॉलेजच्या मुख्य डॉ. रेचेल बॉडली यांच्या प्रस्तावनेसह, प्रसिद्ध झालें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांच्या कार्यास साह्य करण्यासाठीं बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन झालें. अर्थात् १८८८ च्या बोस्टनकर वाचकास रमाबाईंचें नांव परिचित होतें. ग्रंथाच्या शिरोभागीं तें येतें यावरून आनंदीबाईंच्या कुळापेक्षां त्या शहराच्या वातावरणाचीच माहिती अधिक मिळते. शिवाय ‘आनंदीबाई’ याऐवजीं ‘आनंदाबाई’ असें जें रूप तेथें छापलें आहे, त्यावरून मराठी नांवाचा उच्चार लेखिकेच्या कानापर्यंत कसा पोंचला होता तेंहि कळतें. बखरींतील गांवांचीं नांवें जशीं आपण सावधपणें घेतों, तशींच या पुस्तकांतील देशी नांवें घ्यावीं.

४

आतां पुस्तकाच्या अंतरंगाकडे वळूं. त्यांत दोन जातींचा मजकूर एकत्र विणलेला आहे. एक, लेखिकेचें स्वतःचें निवेदन. दुसरा, मूळ लेखांचे उतारे. या दोहोंस एकच माप लावल्यामुळें आजवर बराच घोटाळा झाला आहे.

निवेदनाचा भाग बखरीसारखा आहे. कल्याणचें जोशी घराणें, नवव्या वर्षीं झालेलें लग्न, चौदाव्या वर्षीं झालेलें व दहा दिवसांत दगावलेलें मूल, पतीच्या बदल्या, या गोष्टी बाईंनीं पाहिलेल्या नाहींत. त्या त्यांस परभाषेंतून व परहस्तें कळल्या. हिंदु आचारांविषयीं त्या जें सर्वसाधारण विधान करितात तेंहि त्याच प्रतीचें समजावें. अशा मजकुरास दुसऱ्या स्वतंत्र साधनाचा आधार मिळेल तेथेंच तो घ्यावा.

उताऱ्यांची गोष्ट निराळी. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनीं १८८० सालीं दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असतां एका मिशनरी मासिकांत गोपाळरावांचें पत्र वाचलें, व त्यांतून त्यांचा आनंदीबाईंशीं पत्रव्यवहार सुरू झाला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. आनंदीबाई ता. ४ जून १८८३ रोजीं न्यूयॉर्क येथें उतरल्या त्या याच बाईंच्या आश्रयास. या स्नेहांतून निर्माण झालेलीं इंग्रजी पत्रें हा डॉलबाईंच्या ग्रंथाचा कणा आहे. तसेंच ता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर कॉलेजच्या दिवाणखान्यांत आनंदीबाईंनीं केलेलें भाषण. अमेरिकेस कां जातां, हिंदुस्थानांत शिक्षणाची सोय नाहीं काय, एकट्या कां जातां, परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचें काय, संकट ओढवल्यास काय कराल, आणि जें कोणा स्त्रीनें केलें नाहीं तें तुम्हींच कां करावें, असे सहा प्रश्न लोक विचारीत होते. त्यांस त्यांनीं क्रमानें उत्तरें दिलीं व हिंदु म्हणून जाऊन हिंदु म्हणूनच परत येण्याचा निश्चय सांगितला. हा मजकूर डॉलबाईंनीं छापून ठेविला नसता तर आज कितपत हातीं लागला असता याची शंकाच आहे. या उताऱ्यांपुरतें त्यांचें पुस्तक अस्सल साधनांच्या पंक्तीस बसतें.

मात्र उतारा अस्सल असला तरी तो निवडलेला आहे, हें विसरतां कामा नये. निवड लेखिकेची, आणि मूळ पत्र लिहितांना आनंदीबाईंनींहि एक निवड केलेलीच होती. कार्पेंटरबाईंस लिहिणाऱ्या आनंदीबाई या परक्या घरीं आपल्या समाजाची बाजू सांभाळणाऱ्या आहेत. मायेनें जवळ घेणाऱ्या यजमानीणबाईंपुढेंहि घरचें सर्वच उघडें करावयाचें नाहीं, ही आपल्याकडील सुनेची रीत त्यांच्या लेखणीस सुटलेली नाहीं. याच्या उलट, अमेरिकेंतून गोपाळरावांस त्यांनीं लिहिलेल्या मराठी पत्रांत लहानपणीं झालेल्या मारहाणीचा व टाकून देण्याच्या धमक्यांचा स्पष्ट उल्लेख येतो. आणि त्याबरोबरच, हें सर्व सोसलें तें कां सोसलें, व पत्नीस दुसरा मार्ग कोणता होता, याचाहि विचार येतो. एकच स्त्री, तींच वर्षें, दोन भाषा, आणि दोन अगदीं भिन्न साक्षी. डॉलबाईंस यांपैकीं एकच ऐकूं आली, कारण दुसरी मराठींत होती.

ती दुसरी साक्ष महाराष्ट्रापुढें आणण्याचें श्रेय कै. काशीबाई कानिटकर यांस आहे. त्यांच्या ग्रंथाची १९१२ ची आवृत्ति ‘चरित्र व पत्रे’ अशा नांवानेंच निघाली आहे. काशीबाईंस लग्नापूर्वीं अक्षरओळख नव्हती. सासरीं, घरांतील मोठ्यांची नजर चुकवून त्या शिकल्या. मारहाणीच्या वाक्याचा अर्थ त्यांस कोणी समजावून सांगावयास नको होता. डॉलबाईंनीं समुद्रापलीकडून जें कधींच पाहिलें नसतें तें काशीबाईंनीं एका पत्रावरून ओळखलें. उलटपक्षीं, फिलाडेल्फियाच्या थंडींतील आनंदीबाईंचा दिनक्रम, त्यांचे स्नेहसंबंध, परक्या घरांतील त्यांचा मान, हें जवळून जाणणारीं माणसें डॉलबाईंच्या हाताशीं होतीं, काशीबाईंच्या नव्हतीं. यास्तव एकीचा ग्रंथ दुसरीच्या ग्रंथानें रद्द होत नाहीं. ते एकमेकांचे पुरवणी-कागद आहेत.

५

येथवर साधन म्हणून विचार झाला. आतां ग्रंथ म्हणून या चरित्रावर आमचा एक मुख्य आक्षेप आहे, व तो बाईंच्याच शब्दांत त्यांच्यापुढें ठेवणें न्यायाचें होईल. १८६७ सालीं त्यांनीं जी तिहेरी पट्टी घालून दिली ती आनंदीबाईंच्या आयुष्यास लावून पाहूं. विद्यालय : तें त्यांनीं जिंकलें; आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहून पदवी घेतली. बाजार, म्हणजे स्वतःच्या विद्येवर अर्थार्जन : कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली, परंतु नोव्हेंबर १८८६ त त्या स्वदेशीं परतल्या त्या क्षयानें जर्जर होऊन, आणि त्या खुर्चीवर त्या कधींच बसल्या नाहींत. राहिलें न्यायालय. आनंदीबाई गेल्या त्यानंतर थोड्याच दिवसांत, मार्च १८८७ मध्यें, मुंबईच्या हायकोर्टानें रखमाबाईंच्या दाव्यांत निकाल दिला कीं, बालपणीं लग्न झालेल्या या स्त्रीनें पतीकडे नांदावयास जावें, नाहीं तर सहा महिने कैद भोगावी. ‘पत्नीस दुसरा मार्ग कोणता’ हा आनंदीबाईंनीं पत्रांत काढलेला प्रश्न किती खरा होता, याचें उत्तर सरकारी न्यायासनानेंच दिलें.

कायद्यासंबंधीं एक तृतीयांश ग्रंथ लिहिलेल्या लेखिकेच्या हातून चरित्रांत या तिसऱ्या अंगाकडे जितकें लक्ष पुरविलें जावें तितकें पुरविलें गेलें नाहीं. भर आहे तो शील, निग्रह व त्याग यांवर. अकालीं गेलेल्या तरुण स्त्रीचें स्मारक रचतांना असें होणें स्वाभाविक आहे; पण स्मारक व चरित्र या दोन वस्तु आहेत. ज्यांनीं १८६० सालीं स्त्रियांचीं बिघडलेलीं चित्रें पुन्हां रंगविण्याचा हिय्या केला, त्यांनीं स्वतः काढलेलें हें चित्र थोडें अधिक उजळ झालें आहे. आणि ही उजळणी पुढें आमच्याच अंगवळणीं पडली. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ सालीं निघाली. तिच्यावरून नाटक झालें, २०१९ सालीं याच नांवाचा चित्रपट झाला. कादंबरी ही कादंबरी म्हणून वाचावी, त्यांत दोष नाहीं. परंतु आज सामान्य मराठी वाचकास आनंदीबाई म्हणून जी मूर्ति ठाऊक आहे तिच्यांत त्या स्त्रीच्या स्वतःच्या अक्षरांतील वाक्यें किती, व इतरांनीं चढविलेला रंग किती, असा प्रश्न केला तर पुष्कळांस उत्तर देतां येणार नाहीं. डॉलबाईंच्या चरित्राचें परीक्षण केवळ एका जुन्या इंग्रजी पुस्तकापुरतें नाहीं तें एवढ्यासाठींच.

६

समकालीन संशोधकांनीं ही वाट पुष्कळ मोकळी केली आहे, हें कृतज्ञतापूर्वक नमूद करणें अवश्य आहे. डॉ. अंजली कीर्तने यांनीं आनंदीबाईंचा काळ व कर्तृत्व यांवर स्वतंत्र शोध करून ग्रंथ लिहिला. डॉ. मीरा कोसंबी यांनीं मराठी व इंग्रजी अशा दोन्ही पत्रव्यवहारांची सांगड घातली. त्यांचा यावरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. फिलाडेल्फिया येथें ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहांत जुन्या विमेन्स मेडिकल कॉलेजचें दप्तर आहे, ता. २८ जून १८८३ चें आनंदीबाईंचें प्रवेशासाठींचें पत्र त्यांत आहे, व जपानी आणि सीरियन सहाध्यायिनींसह १० ऑक्टोबर १८८५ रोजीं काढलेलें त्यांचें छायाचित्रहि आहे. डॉलबाईंच्या निवेदनांतील अमेरिकेचा भाग या दप्तराशीं ताडून पाहतां येतो.

यापुढें दोन कामें करण्यासारखीं आहेत. पहिलें, डॉलबाईंच्या ग्रंथांतील प्रत्येक उतारा वेगळा काढून, तारीखवार लावून, त्याच्या शेजारीं त्याच सुमाराचें मराठी पत्र ठेवून दोन रकान्यांची एक जंत्री करावी. तशी जंत्री झाली म्हणजे आनंदीबाईंनीं एकाच आठवड्यांत एकीस काय सांगितलें व दुसऱ्यास काय, हें वाचकास टीकाकाराच्या मध्यस्थीवांचून दिसेल. दुसरें, बाईंच्या रोजनिशींतील १८८३ ते १८८८ हा भाग या एकाच दृष्टीनें वाचावा. चरित्रलेखिकेनें जगापुढें जें छापलें व रात्रीं स्वतःपाशीं जें लिहिलें त्यांची तुलना करण्याची संधि प्रत्येक बखरीच्या बाबतींत मिळत नाहीं. आमच्या सभासद बखरीच्या कर्त्यानें रोजनिशी ठेवली असती व ती शाबूत असती, तर तिच्यासाठीं अभ्यासकांनीं किती खटपट केली असती याचा विचार करावा.

आनंदीबाई पुण्यांत वारल्या. त्यांची रक्षा गोपाळरावांनीं कार्पेंटरबाईंकडे पाठविली व ती न्यूयॉर्क प्रांतांत पोकीप्सी येथील स्मशानभूमींत त्या कुटुंबाच्या जागेंत ठेवण्यांत आली. रमाबाईंनीं शारदासदन उघडलें तें ता. ११ मार्च १८८९ रोजीं, आनंदीबाईंच्या पदवीदानाच्याच दिवशीं, आणि पुढच्याच वर्षीं तें पुण्यास आलें. या सर्व व्यवहारांत दोन देशांतील स्त्रियांनीं एकमेकींसाठीं पत्रें लिहिलीं, तीं जपलीं व छापलीं. पुण्यानें त्यांपैकीं आपल्या वाट्याचा भाग वाचला. अमेरिकेंतील भाग अजून नीट वाचावयाचा आहे. कॅरोलाइन डॉल यांस मराठी येत नव्हतें ही त्यांची उणीव आम्हीं वर दाखविली. त्यांची रोजनिशी इंग्रजींत आहे व ती आम्हांस वाचतां येते. तरीहि ती न वाचली तर ती उणीव त्यांची म्हणतां येणार नाहीं.